हात कोणाचे ते नको, हात धुतले का ते विचारा

बाहेर खाणे ही आपल्या वस्तीत आता चैन राहिलेली नाही. पहाटेच ठिय्यावर जाऊन उभा राहणारा मजूर चौकातल्या ठेल्यावर तर्री-पोहे खातो आणि दुपारपर्यंत त्यावरच राबतो. रोवणीला किंवा धुण्याभांड्याला लवकर निघालेली आई लेकराच्या हातावर दहा रुपये ठेवते, त्याचा समोसा येतो. सांजच्याला पोरी गुपचुप खायला जातात, पोरे चायनीजच्या गाडीवर. भंडारा शहराला लागून गणेशपूर, खोकरला, भोजापूर, बेला या बाजूंना घरे वाढत गेली, तसे रस्त्याच्या कडेने ठेले आणि भोजनालयेही वाढली. म्हणून "बाहेरचे खाऊच नका" हा सल्ला आम्ही देणार नाही. ज्यांच्या घरी सकाळी चूल पेटवायला माणूस आणि वेळ दोन्ही आहे, त्यांच्यासाठी तो ठीक आहे. आपला प्रश्न वेगळा आहे: खायचे तर काय बघून खायचे?

हे बघायलाच आमच्या महिला मंडळातल्या आम्ही पाच जणी उन्हाळ्यात शहराच्या कडेच्या ठेल्यांवर आणि छोट्या भोजनालयांत जाऊन जेवलो. नावे छापत नाही. कोणाच्या पोटावर पाय द्यायचा नाही, आणि जे दिसले ते थोड्याफार फरकाने सगळीकडेच दिसले. चवीची तक्रार नाही. चण्याची झणझणीत तर्री, कढी ओतलेला आलुबोंडा, गरम मुंगवडे, तांदळाची भाकर आणि सावजी रस्सा हे सगळे आम्ही आवडीने खाल्ले. पण गिऱ्हाईक ठेला कसा निवडतो तेही पाहिले. गर्दी बघतो, तर्रीचा रंग बघतो, भाव बघतो. आणि काही जण अजूनही हळूच विचारतात, "हॉटेल कोणाचे आहे?" पिण्याचे पाणी कुठून आणले, हे मात्र आमच्यासमोर एकानेही विचारले नाही.

संविधानाच्या कलम १५ ने दुकाने, उपाहारगृहे आणि हॉटेले सर्वांना खुली केली. १९५५ च्या अस्पृश्यताविरोधी कायद्याने तिथे अडवणे हा गुन्हा ठरवला. त्याआधी आपल्या आज्या-आजोबांना चहा वेगळ्या कपात, तोही बाहेर उभे राहून प्यावा लागे. पाण्याचा प्रश्न आपल्याला नेहमी अपमान करायलाच विचारला गेला. म्हणून असेल कदाचित, "पाणी कुठले?" हा शब्द आपल्या तोंडून सहज निघत नाही. समोरच्याला विटाळाची भाषा वाटेल, अशी भीती वाटते. पण हे दोन प्रश्न अगदी वेगळे आहेत. रांधणारे हात कोणत्या जातीचे, हा प्रश्न विचारणे गुन्ह्याच्या वाटेवरचे पाऊल आहे. ते हात साबणाने धुतले का, हा प्रश्न विचारणे आपला हक्क आहे. जंतूला जात कळत नाही. शौचाहून आलेला न धुतलेला हात मात्र त्याला बरोबर सापडतो.

आपल्या घरांत याचे मोल जास्त का, तेही सांगतो. पूर्व विदर्भात आपल्या समाजात आणि आदिवासी बांधवांत सिकलसेलचे प्रमाण मोठे आहे. सिकलसेलग्रस्त लेकराला जुलाब लागले आणि अंगातले पाणी कमी झाले की विळ्याच्या आकाराच्या रक्तपेशी बारीक नसांत अडकतात. मग हाडे फुटल्यासारख्या वेदना होतात, कधी छाती भरते, कधी जिवावर बेतते. शेजारचे पोरगे दोन दिवस जुलाब होऊन बरे होते, तेच गुपचुप खाल्लेले आपले लेकरू दवाखान्यात भरती होते. गर्भवती बाईचेही तसेच. दूषित पाण्यातून होणारी 'ई' प्रकारची कावीळ इतरांना सहसा सोडून देते, पण दिवस भरत आलेल्या बाईचा जीव घेऊ शकते.

तेव्हा ठेल्यावर सगळ्यात आधी पाणी बघावे. पिंपात किंवा बादलीत ग्लास बुडवून पाणी दिले जात असेल तर ते पिऊ नये; देणाऱ्याची बोटे त्यात बुडालेली असतात. तोटीच्या पिंपाचे पाणी त्यापेक्षा बरे. मोठ्या कॅनचे पाणी थंड असते म्हणून ते शुद्ध असते, असे समजू नये. थंडाव्याने जंतू मरत नाहीत. घरून उकळलेल्या पाण्याची बाटली नेणे सगळ्यात उत्तम, आणि सिकलसेलच्या लेकराच्या दप्तरात तर ती रोज हवीच.

दुसरी गोष्ट आचेची. आम्हाला लोक विचारतात, सावजी मटण जहाल, त्याने आजारी पडू का? तिखटाने आम्लपित्त वाढेल, मीठ-तेलाने रक्तदाब वाढेल, म्हणून ते रोज खाऊ नये. पण तासभर रटरटलेल्या रश्श्यात जुलाबाचे जंतू टिकत नाहीत. ते टिकतात त्याच ताटाच्या कडेला ठेवलेल्या कापलेल्या कांद्यात, सकाळपासून उघड्या असलेल्या चटणीत, कोमट झालेल्या कढीत आणि गुपचुपच्या पाण्यात. पोह्यावरची तर्री गंजात उकळत असेल तर बिनधास्त घ्या. वरचा कच्चा कांदा डोळ्यांसमोर कापला असेल तरच घ्या. गुपचुपवाला हात बुडवून पाणी भरत असेल तर पावसाळाभर ते टाळाच. उरते ते पाणी कच्चे आणि हात उघडा.

तिसरी गोष्ट भाताची. आपला जिल्हा धानाचा, भात कोणी वाया घालवत नाही. पण चायनीजच्या गाडीवर दुपारी शिजवलेला भात उन्हाळ्याच्या उकाड्यात संध्याकाळपर्यंत उघडा राहतो आणि मग कढईत परतला जातो. भातातल्या एका जंतूचे बीज शिजवण्यातून वाचते. भात कोमट राहिला की तो जंतू वाढतो आणि विष सोडतो. ते विष पुन्हा परतल्याने जात नाही. खाल्ल्यावर काही तासांतच उलट्या सुरू होतात त्या यामुळे. "भात कधी शिजवला?" एवढे विचारून घ्यावे. घरीही उरलेला भात लवकर गार करून झाकून ठेवावा.

चौथी गोष्ट तेलाची आणि कागदाची. तेल काळे, घट्ट झाले असेल, त्यावर फेस येत असेल आणि डोळ्यांना धूर झोंबत असेल, तर त्या कढईतले भजे नको. वारंवार तापवलेल्या तेलातले खराब घटक २५ टक्क्यांच्या वर गेले की ते तेल वापरायचे नाही, असा नियम १ जुलै २०१८ पासून आहे. वर्तमानपत्रात खाद्यपदार्थ गुंडाळायलाही २०१८ च्या नियमांनी मनाई आहे, कारण गरम तेलाबरोबर छपाईची शाई पोटात जाते. तरी आम्हाला बहुतेक ठिकाणी समोसा छापील कागदातच मिळाला. घरून एक डबा न्यावा आणि त्यात घ्यावा.

आता ठेलेवाल्यांची बाजू. त्यांत आपल्याच वस्तीतल्या कितीतरी बाया आहेत. विधवा आहेत, नवऱ्याचे काम सुटलेल्या आहेत. एका हातगाडीवर घर चालवतात. नळाला पाणी येईल तेवढ्यात भरायचे, त्यातच रांधायचे, भांडी घासायची आणि गिऱ्हाइकाला पाजायचे. एकाच बादलीत दिवसभर प्लेटा बुचकळल्या जातात, त्या हौसेने नाही. त्यांच्यावर ओरडून काही होणार नाही. तोटीचे पिंप, साबणाची वडी, चिमटा, झाकण आणि क्लोरीनचे थेंब एवढ्याने अर्धा धोका टळतो, आणि एवढा खर्च वस्तीने मिळून करता येतो. अन्न सुरक्षा कायदा २००६ चा आहे. छोट्या विक्रेत्यांच्या नोंदणीची सोय त्यात आहे. शिकलेल्या पोरांनी मावशीजवळ बसून तिचा अर्ज भरून द्यावा.

पण जे काम पंचायतीचे आहे ते ठेलेवालीच्या माथी मारू नये. वैनगंगेच्या काठी राहून आपल्याला शुद्ध पाण्याची चिंता करावी लागते. नागपूरचे सांडपाणी नाग नदीतून कन्हानमध्ये आणि पुढे गोसेखुर्दच्या फुगवट्यात येते, हे कोणापासून लपलेले नाही. शहरात नगर परिषदेला आणि कडेच्या गावांत ग्रामपंचायतीला पाणी शुद्ध करूनच द्यावे लागते. जलसुरक्षक टीसीएल पावडर टाकतो का, नळाच्या टोकाला ओ. टी. टेस्ट होते का, पाण्याच्या स्रोतांच्या सर्वेक्षणात आपल्या ग्रामपंचायतीला हिरवे कार्ड मिळाले की लाल, हे ग्रामसभेत उभे राहून विचारायचे प्रश्न आहेत. बायांनी विचारावे. पाणी भरणाऱ्याही त्याच आणि जुलाबाचे लेकरू सांभाळणाऱ्याही त्याच.

एवढे करूनही जुलाब लागलेच, तर पहिल्या जुलाबापासून पाणी द्यायला सुरुवात करावी. ओआरएसचे पाकीट नसेल तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घालून घोट घोट पाजावे. अंगावरचे दूध थांबवू नये. शौचात रक्त, थांबत नसलेल्या उलट्या, सुस्ती किंवा लघवी बंद असेल तर थेट दवाखाना गाठावा. सिकलसेलच्या लेकराला १०१ च्या वर ताप आला, हाडे किंवा छाती दुखू लागली, दम लागला किंवा डोळे पिवळे पडले, तर सकाळची वाट बघू नये. कार्ड सोबत घेऊन रात्रीच न्यावे. ज्यांची तपासणी झाली नाही त्यांनी आरोग्य केंद्रात ती करून घ्यावी, लग्न ठरवण्याआधी तर नक्कीच.

आषाढी पौर्णिमेला वर्षावास सुरू होतो. गढूळ पाण्याचे दिवस नेमके तेच, आणि आपण विहारात रोज जमतो तेही तेच. त्या तीन महिन्यांत एका रविवारी आपल्या भागातल्या ठेलेवाल्या भावांना आणि मावशींना, मग ते कोणत्याही समाजाचे असोत, विहारात चहाला बोलवा. हात धुण्याची पद्धत दाखवा, तोटीचे पिंप कोणाकडे नाही ते विचारा, वर्गणीतून दोन घेऊन द्या. आणि दुसऱ्या दिवशी पोहे खायला गेलात की मोठ्या आवाजात, हसत विचारा, "मावशी, पाणी कुठले आहे जी?"