वेबसाइटचे काम : हत्यार कोणते घ्यावे?

शिंपी नवे मशीन घेतो तेव्हा दहा प्रश्न विचारतो. सुटे भाग जवळपास मिळतात काय, बिघडल्यास दुरुस्त करणारा आहे काय, आपल्याकडे येणारे जाड कापड त्यावर चालेल काय. सुतार रंध्याचे पाते अंगठ्याने तपासल्याशिवाय पैसे देत नाही. मात्र हेच आपले बांधव दुकानाची वेबसाइट करून घेण्यास निघतात तेव्हा एकही प्रश्न विचारीत नाहीत. समोरचा तरुण ज्या सॉफ्टवेअरचे नाव घेईल ते चांगले, आणि जे महाग ते अधिक चांगले, असे धरून चालतात. वेब डिझाइनचा कोर्स करून आलेल्या आपल्या मुलांचेही तसेच. सॉफ्टवेअरची नावे तोंडपाठ असतात, पण कोणत्या कामाला काय लागते याचा विचार झालेला नसतो.

आमच्या मते हत्यार कामावरून ठरवावे आणि काम गिऱ्हाइकावरून.

पांढरकवड्याचेच पाहा. नागपूरहून हैदराबादकडे जाणारा राष्ट्रीय महामार्ग, जो पूर्वी ७ क्रमांकाचा होता व आता ४४ आहे, तो येथून जातो. पुढे पैनगंगा ओलांडली की आदिलाबाद. टिपेश्वर अभयारण्यात वाघ पाहण्यास येणारे प्रवासी वेगळेच. म्हणजे येथील गॅरेज, हॉटेल किंवा फर्निचरच्या दुकानाचे गिऱ्हाईक मराठी वाचणारे असेल, हिंदी वा उर्दू वाचणारे असेल, तेलुगूही असेल. आणि ते दुकानाची माहिती पाहणार बहुधा मोबाइलवर, वाटेत गाडी थांबवून. तेव्हा पहिला प्रश्न रंगरूपाचा नाही, अक्षरांचा आहे.

आपल्याकडे या धंद्यात येणारे पुष्कळ तरुण डीटीपीच्या दुकानातून आलेले असतात. मराठीसाठी श्रीलिपी किंवा कृतीदेव, उर्दूसाठी १९९४ साली आलेले इनपेज, यांवर त्यांचा हात बसलेला असतो. लग्नपत्रिका व पोस्टर छापण्यास ही हत्यारे उत्तमच आहेत. त्यांनी अनेक घरे चालविली. परंतु जुने फॉन्ट इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी आकार बसवितात. तो फॉन्ट समोरच्याच्या मोबाइलमध्ये नसला की ‘पलंग’ हा शब्द इंग्रजी अक्षरांचा निरर्थक घोळका होऊन उमटतो. गुगललाही तो पलंग म्हणून कळत नाही, म्हणजे पलंग शोधणाऱ्यास आपले दुकान सापडत नाही. यावर काही जण सोपा उपाय करतात. सगळा मजकूर चित्र करून वेबसाइटवर चिकटवून देतात. दिसायला ठीक, पण चित्रातल्या फोन नंबरावर बोट ठेवून फोन लागत नाही, आणि जड चित्र उघडेपर्यंत गिऱ्हाईक पुढच्या गावी पोहोचलेले असते.

म्हणून मजकूर युनिकोडमध्येच हवा. युनिकोडमध्ये मराठी, उर्दू व तेलुगू एकाच पानावर नांदतात. उर्दूचा भाग उजवीकडून डावीकडे आहे एवढे मात्र पानात सांगावे लागते. यासाठी लागणारे फॉन्ट मोफत आहेत आणि धंद्यासाठी वापरण्याची त्यांना उघड परवानगी आहे. मुंबईच्या ‘एक टाइप’ संस्थेचा ‘मुक्ता’ मराठीसाठी चांगला. त्यांच्याच ‘बालू’ फॉन्टचे तेलुगू भावंड ‘बालू तम्मुडू’ आणि उर्दूचे ‘बालू भाईजान’ आहे, नावे मोठी गमतीची. नस्तालिक वळण हवे असेल तर गुगलचा ‘नोटो नस्तालिक उर्दू’ घ्यावा. फॉन्ट निवडताना त्यात ‘गिऱ्हाईक’ आणि ‘दुसऱ्या’ हे दोन शब्द लिहून पाहावेत. तेथला ‘ऱ’ मोडला तर तो फॉन्ट मराठीच्या कामाचा नाही.

बाकीच्या हत्यारांचे फार कौतुक करण्याची गरज नाही. कोड लिहिण्यास व्हिज्युअल स्टुडिओ कोड, चित्र दुरुस्त करण्यास गिंप, दुकानाचे चिन्ह रेखाटण्यास इंकस्केप, कामाच्या आवृत्त्या सांभाळण्यास गिट. चारही मोफत. दुकानाचे नाव, पत्ता, कामाचे नमुने आणि फोन एवढेच द्यायचे असेल तर साध्या एचटीएमएलची दोन पाने पुरतात; ती बिघडत नाहीत, त्यांना राखणदार लागत नाही. रोज माल व भाव बदलत असतील तर २००३ पासून चालत आलेले वर्डप्रेस घ्यावे. ते मराठीतही आहे. मात्र ते वरचेवर अद्ययावत करावे लागते. हे करणारा माणूस नसेल तर त्याच्या वाटेला जाऊ नये.

महागडे आणि नावाजलेले म्हणून टिकाऊ, असेही नाही. मायक्रोसॉफ्टचे फ्रंटपेज २००६ मध्ये बंद झाले. हलत्या चित्रांच्या वेबसाइटसाठी ज्याचा डंका होता त्या फ्लॅशचा आधार ३१ डिसेंबर २०२० रोजी संपला, आणि त्यावर उभारलेली पाने ब्राउझरमध्ये उघडेनाशी झाली. एचटीएमएलची त्याच काळातली साधी पाने आजही उघडतात. यावरून आमचा नियम असा की, ज्या हत्यारातून आपले काम जसेच्या तसे बाहेर काढून दुसरीकडे नेता येत नाही ते कितीही सोयीचे असले तरी घेऊ नये. महिन्याच्या भाड्याने मिळणाऱ्या, ‘कोड न लिहिता वेबसाइट’ करून देणाऱ्या सेवांना हा प्रश्न अवश्य विचारावा.

एक अप्रिय गोष्टही बोलली पाहिजे. महाग सॉफ्टवेअरची चोरीची प्रत वापरणे आपल्या बाजारात इतके सवयीचे झाले आहे की त्यात काही गैर आहे असे कोणास वाटत नाही. तराजूत काटा मारणाऱ्यास आपण दुकानदार म्हणत नाही. मग हे काय आहे? कॉपीराइट कायद्याच्या कलम ६३ब प्रमाणे अशी प्रत जाणूनबुजून वापरणाऱ्यास सात दिवसांपासून तीन वर्षांपर्यंत कैद आणि ५० हजार ते २ लाख रुपये दंड आहे. वर्डप्रेसच्या चोरीच्या थीममध्ये तर पुष्कळदा गिऱ्हाइकाला भलत्याच पानावर नेणारा कोड लपविलेला असतो. मोफत आणि चोखपणे मिळणारी हत्यारे समोर असताना हे कशासाठी?

आता वेबसाइट करून घेणाऱ्या व्यापाऱ्यांसाठी. सर्वात मोठे नुकसान सॉफ्टवेअरमुळे होत नाही, डोमेनमुळे होते. वेबसाइट करणारा मुलगा डोमेन स्वतःच्या ईमेलवर नोंदवितो, पुढे नोकरीसाठी पुण्याला जातो, नूतनीकरणाची सूचना त्याच्याकडे जाते, आणि पाटीवर, बिलबुकावर छापलेले नाव एके दिवशी दुसऱ्याचे होते. मुलगा बेइमान असतो असे नाही, तो विसरतो. म्हणून पैसे देण्याआधी डोमेन आपल्या नावावर, आपल्या ईमेलवर व आपल्या मोबाइल नंबरवर नोंदवून घ्यावे, त्याची पावती आपल्या नावाने घ्यावी, आणि पासवर्ड ज्या वहीत उधारीचा हिशेब असतो तिच्या शेवटच्या पानावर लिहून ती वही गल्ल्यात कुलूपबंद ठेवावी.