चहातलं दूध दुधात धरू नका

संपादक महोदय,


‘आईचं दूध सुटल्यावरही दूध पिणारा माणूस हा एकटाच प्राणी’ असा युक्तिवाद आपल्या पत्रव्यवहारात अलीकडे वाचला. वरण शिजवणाराही माणूस एकटाच. म्हणून कोणी वरण सोडत नाही. पण माझं खरं भांडण त्या पत्रलेखकाशी नाही. ‘आमच्याकडे रोज दोन लिटर दूध येतं’ असं छातीठोक सांगणाऱ्यांशी आहे.

मी मांजरीत बरीच वर्षं शाळेत शिकवलं. तेव्हा आजूबाजूला ऊस होता, गोठ्यात वाढ्यांवर पोसलेल्या म्हशी होत्या. २०२१मध्ये गाव महापालिकेत गेलं, उसाच्या जागी सोसायट्या आल्या, रतिबाऐवजी पिशवी आली. जुन्या दिवसांचे गोडवे मात्र मी गाणार नाही. फॅटवर भाव मिळायचा, त्यामुळे दूध डेअरीला आणि उरलंसुरलं चहाला, हा तेव्हाच्याही घरांतला हिशेब. वर्गात ‘सकाळी काय खाल्लं?’ विचारलं की गोठेवाल्याचा मुलगाही सांगायचा, ‘चहा-खारी.’

हे आठवायचं कारण पुण्यातलाच एक अभ्यास. केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि सहकाऱ्यांनी खेड्यातल्या, झोपडपट्टीतल्या आणि शहरी मध्यमवर्गातल्या ४४१ पुरुषांचं रक्त तपासलं. २००६मध्ये त्याचे निष्कर्ष छापून आले. तिघांतल्या दोघांना ब-१२ जीवनसत्त्व कमी निघालं, आणि सगळ्यांत जास्त कमतरता निघाली मध्यमवर्गात, सुमारे ८१ टक्के! म्हणजे ज्यांच्या फ्रिजमध्ये दूध हमखास असतं, त्यांच्यात. ब-१२ भाजीपाल्यात, डाळीत मिळत नाही. अंडी-मांस न खाणाऱ्याला ते मुख्यतः दुधातूनच मिळतं. ते कमी पडलं की हातापायांना मुंग्या येतात, थकवा येतो, विसरायला होतं, आणि आपण म्हणतो, ‘वय झालं.’

या कमतरतेचं कारण मला मापात दिसतं. शंभर मिलिलिटर दुधात ब-१२ साधारण ०.४ मायक्रोग्रॅम, मोठ्या माणसाची रोजची गरज दोनहून थोडी अधिक. कपभर चहात दूध पडतं चाळीस-पन्नास मिलिलिटर, तेही खळखळून उकळलेलं. असे तीन कप रिचवून दूध घेतल्याचं समाधान मिळतं, पोषण फारसं नाही. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२४च्या मार्गदर्शिकेत रोज ३०० मिलिलिटर दूध किंवा दही धरलंय. एवढ्याने ब-१२ची निम्मी गरज भागते, कॅल्शियमही हजार मिलिग्रॅमपैकी तिसरा हिस्सा किंवा जास्त मिळतं. म्हशीचं असेल तर आणखी जास्त. बाकीचं नाचणी-तिळाने भरून काढता येतं. कॅल्शियमपुरतं दुधावाचून अडत नाही, हे त्या पत्रलेखकाचं म्हणणं मला मान्य आहे.

आणखी दोन गोष्टी मान्य. दूध पोटाला झेपत नाही अशी माणसं आपल्याकडे पुष्कळ आहेत. त्यांनी घरी विरजलेलं दही खावं, ते बहुतेकांना सोसतं. आणि दुधात लोह जवळजवळ नसतंच. बाळाला दिवसभर दुधाच्या बाटलीवर ठेवणाऱ्या आयांना हे कोणीतरी सांगायला हवं.

याज्ञिकांच्याच चमूने पुण्याजवळच्या सहा खेड्यांतल्या गरोदर बायकांचा आहार पाहिला. दूध, पालेभाज्या, फळं वरचेवर खाणाऱ्या आयांची बाळं जन्मतः अंगाने जास्त भरलेली होती. केवळ दुधानेच असं झालं, असा दावा मी करणार नाही. पण ज्या सासूला सुनेच्या पेल्यातलं दूध चैन वाटतं, तिने हे वाचावं.

कर्नाटकात २०१३पासून ‘क्षीरभाग्य’ योजनेत सरकारी शाळांतली मुलं दीडशे मिलिलिटर दूध पितात. पावडरचं असतं, पण पेल्यातून असतं. आपल्या राज्यात मात्र दुधाच्या भावासाठी आंदोलनं होतात, रस्त्यावर दूध ओतलं जातं. त्यातलं थोडं शाळेच्या पटांगणात आणायला आपल्या सरकारला काय हरकत आहे? सुरुवात मांजरीच्या शाळांपासून केली, तर पेले धुवायला मी येईन.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका
मांजरी बुद्रुक, पुणे