पहिला गेमिंग संगणक : लेबलाची भूल, पुरवठ्याची उपेक्षा

दहावी-बारावीनंतर घरात संगणक घेण्याचा विषय निघाला की नांदेड-लातूरच्या मध्यमवर्गीय कुटुंबांत दोन अपेक्षा एकाच वेळी मांडल्या जातात. पालकांना तो अभ्यासासाठी हवा असतो. मुलांना त्यावर गेमही चालावेत असे वाटते. ‘लातूर पॅटर्न’मुळे नावारूपाला आलेले लातूर आणि १९८१ पासून अभियांत्रिकी महाविद्यालय, १९९४ पासून स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ असलेले नांदेड, ही दोन्ही शहरे विद्यार्थ्यांची आहेत. तेथे चाळीस-पन्नास हजारांची ही खरेदी वारंवार होत नाही. म्हणूनच तिच्यातील चूक पुढील चार-पाच वर्षे भोगावी लागते.

खेळांविषयीचे वातावरणही बदलले आहे. संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये मंजूर केलेल्या ऑनलाइन गेमिंगविषयक कायद्याने पैसे लावून खेळण्याच्या प्रकारांवर बंदी घातली. मात्र ई-स्पोर्ट्सला त्याच कायद्याने मान्यता दिली. २०२३ च्या हांगझोऊ आशियाई क्रीडा स्पर्धेत ई-स्पोर्ट्सला पदके होती. त्यामुळे ‘गेम म्हणजे वाया जाणे’ हे जुने समीकरण सरसकट लागू होत नाही. प्रश्न उरतो तो मर्यादित रकमेत संगणकाचे कोणते भाग निवडावेत, एवढाच.

या खरेदीतील पहिला सापळा लेबलाचा आहे. ‘आय-सेव्हन, सोळा जीबी रॅम’ अशी पाटी लावलेला स्वस्त संगणक पाहून ग्राहक हुरळतो. पण तो आय-सेव्हन कोणत्या पिढीचा, हे विचारायचे राहून जाते. इंटेलचा दुसऱ्या पिढीचा आय-सेव्हन २६०० हा प्रोसेसर २०११ मधील आहे. त्यात चार कोअर व आठ थ्रेड आहेत. २०२२ मध्ये आलेल्या आय-थ्री १२१००एफ या साध्या प्रोसेसरमध्येही तेवढेच कोअर व थ्रेड असून त्याचा वेग कितीतरी अधिक आहे. शिवाय मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चे नियमित पाठबळ थांबवले आणि विंडोज ११ साठी इंटेलचा किमान आठव्या पिढीचा प्रोसेसर अधिकृतपणे लागतो. ‘व्हॅलोरंट’सारखा लोकप्रिय खेळ विंडोज ११ वर टीपीएम २.० आणि सिक्युअर बूट या सुरक्षा व्यवस्थांवाचून चालत नाही. म्हणजे जुना आय-सेव्हन स्वस्त नसतो. तो केवळ आज कमी किमतीचा असतो.

दुसरा मुद्दा रकमेच्या वाटणीचा. खेळांसाठीच्या संगणकात सर्वाधिक भार ग्राफिक्स कार्डावर पडतो. त्यामुळे मॉनिटर वगळून उरलेल्या रकमेचा एकतृतीयांश किंवा त्याहून थोडा अधिक भाग त्यावर खर्च करणे योग्य ठरते. मात्र तेवढी ऐपत आज नसेल, तर टप्प्याटप्प्याने जाण्याचा मार्ग आहे. एएमडीच्या रायझेन ५ ५६००जी या प्रोसेसरमध्येच ग्राफिक्सची सोय असल्याने हलके खेळ कार्डाविना चालतात आणि वर्षभराने कार्ड जोडता येते. याउलट इंटेलच्या ज्या प्रोसेसरच्या नावाअखेर ‘एफ’ आहे, त्यात ही सोय नसते. कार्ड नसेल तर मॉनिटरवर चित्रच उमटत नाही. एका अक्षराचा हा फरक दुकानात अनेकांच्या लक्षात येत नाही.

रॅमचे गणित २०२५ च्या अखेरीस बिघडले. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या डेटा सेंटरांकडे स्मृतिचिपांचे उत्पादन वळल्याने जगभर रॅमचे भाव भडकले. मायक्रॉन या बड्या उत्पादक कंपनीने डिसेंबर २०२५ मध्ये ‘क्रूशियल’ हा ग्राहकांसाठीचा व्यवसाय गुंडाळण्याचे जाहीर केले. त्याच महिन्यात रुपयाने डॉलरमागे ९० ची पातळी ओलांडली. यातील बहुतेक भाग आयात होत असल्याने या घडामोडींची झळ थेट जिल्ह्याच्या ठिकाणी पोहोचते. अशा वेळी मदरबोर्ड निवडताना तो डीडीआर-४ रॅम घेतो की डीडीआर-५, हे आधी पाहावे लागते. एकाची रॅम दुसऱ्यात बसत नाही. तसेच प्रोसेसरमधील ग्राफिक्सवर खेळायचे असेल, तर १६ जीबीच्या एका पट्टीपेक्षा ८ जीबीच्या दोन पट्ट्या अधिक उपयुक्त ठरतात.

परंतु सर्वांत घातक काटकसर होते ती एसएमपीएसच्या बाबतीत. कॅबिनेटसोबत ‘फुकट’ मिळणारा एसएमपीएस अनेकदा लिहिलेली वॅटक्षमता देऊ शकत नाही. वस्तुतः या पातळीवरील संगणकाची भूक फार मोठी नसते. आरएक्स ६६०० या ग्राफिक्स कार्डाला १३२ वॅट आणि आय-थ्री १२१००एफला कमाल ८९ वॅट लागतात. त्यामुळे नामांकित कंपनीचा, ‘८० प्लस’ प्रमाणित, ४५० ते ५५० वॅटचा एसएमपीएस पुरेसा होतो. नाव नसलेल्या ‘७५० वॅट’चा मोह अनाठायी ठरतो. विजेचा दाब जेथे वरखाली होतो, तेथे योग्य अर्थिंग आणि यूपीएस ही चैन नव्हे. ६०० व्हीए लिहिलेला यूपीएस साधारणतः ३६० वॅटचाच भार पेलतो, हेही ध्यानात घ्यायला हवे. मराठवाड्याचा उन्हाळा चाळीस अंशांपलीकडे जातो. तेव्हा समोर काच असलेल्या दिखाऊ कॅबिनेटपेक्षा जाळीचे आणि दोन पंख्यांचे कॅबिनेट श्रेयस्कर.

शेवटचा प्रश्न खरेदीच्या ठिकाणाचा. लातूरकरांना मुंबईचा लॅमिंग्टन रोड आणि नांदेडकरांना सिकंदराबादचा चिनॉय ट्रेड सेंटरचा बाजार खुणावतो. ऑनलाइन दुकानेही आहेत. तेथे भाव कमी असू शकतो. पण वॉरंटीसाठी वस्तू पुन्हा पाठवण्याचा खर्च आणि वेळ त्या बचतीतून वजा करावा लागतो. बिल न घेतल्यास १८ टक्के जीएसटी वाचतो, हा सल्ला तर उघड नुकसानीचा आहे. पक्के बिल असेल, तर २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार वस्तू परगावी घेतली असली तरी ग्राहकाला आपल्या राहत्या जिल्ह्यातील ग्राहक आयोगाकडे दाद मागता येते. बिलाविना ही वाट अवघड होते.

दुकानदारावर विश्वास ठेवणे गैर नाही. मात्र प्रत्येक भागाचे पूर्ण नाव, पिढी आणि वॉरंटीचा काळ कोटेशनवर लिहून घेणे हा ग्राहकाचा हक्क आहे. पालकांनी तो बजावला आणि मुलांनी त्यामागचा हिशेब समजून घेतला, तर संगणक सुरू होण्याआधीच त्याचा पहिला अभ्यास पार पडलेला असेल.