नरक्याची तोड आणि आपले मालकी रान

मुळशी तालुक्याच्या पश्चिम अंगास, जेथे वर्षाकाठी 5,000 मिलिमीटरहून अधिक पाऊस कोसळतो त्या ताम्हिणीच्या परिसरात, जांभूळ, अंजनी, हिरडा इत्यादी परिचित वृक्षांच्या सावलीस एक लहानसे झाड वाढत असते. इमारतीच्या कामी त्याचे लाकूड येत नाही, फळास बाजार नाही, आणि फुलांस तर दुर्गंध येतो. सबब कोणी त्यास घाणेरा म्हणतात, तर कोणी नरक्या. अशा झाडाविषयी शेतीच्या पत्रिकेत मजकूर कशासाठी, असा प्रश्न वाचकांस पडणे स्वाभाविक आहे. परंतु ज्यास आपण जळणाच्या भावाने मोजले, त्याच झाडाच्या सालीलाकडासाठी 1990 नंतरच्या काळात दलाल सह्याद्रीची राने धुंडाळीत फिरले, आणि ज्यांच्या रानात ते उभे होते त्यांपैकी कित्येकांस आपण काय विकले याची कल्पनाही आली नाही.

प्रथम ओळख पटविणे अगत्याचे आहे. घाणेरी किंवा टणटणी या नावाचे जे काटेरी झुडूप माळरानावर माजते ते निराळे. नरक्याशी त्याचा संबंध नाही. नरक्या हा साधारणतः तीन ते आठ मीटर उंचीचा वृक्ष होय. साल करडी असते. कोवळ्या फांद्यांवर गळून गेलेल्या पानांचे वण ठळकपणे दिसतात. पाने एकाआड एक असली तरी फांदीच्या टोकाकडे दाटीने येतात. ती लांब देठाची, रुंद, अंडाकृती व टोकास निमुळती असून देठाकडील त्यांच्या दोन बाजू पुष्कळदा असमान असतात. भर पावसाळ्यात फांद्यांच्या शेंड्यांवर पिवळट पांढऱ्या लहान फुलांचे झुबके येतात. त्यांचा वास एकदा घेतला म्हणजे झाडाचे नाव विसरत नाही! फळ एकबीजी असून हिरव्याचे तांबूस व पुढे जांभळट काळे होते.

येथे एक गोष्ट विशेष ध्यानात ठेवावयास हवी. नरक्याची सर्व झाडे सारखी फळत नाहीत. काहींवर केवळ नरफुले येतात, काहींवर मादीफुले, तर थोड्यांवर द्विलिंगी फुले आढळतात. अर्थात रानात एखादे झाड शिल्लक राहिले म्हणजे जात टिकली, हा समज फसवा आहे. शेजारी जोडीचे झाड नसल्यास ते एकटे झाड वर्षानुवर्षे हिरवेगार दिसेल, पण त्याच्याखाली एकही रोप उगवणार नाही.

शास्त्रीय भाषेत या वृक्षास नोथापोडायटिस निम्मोनिआना असे म्हणतात. 1839 साली प्रसिद्ध झालेल्या मुंबई इलाख्यातील वनस्पतींच्या सूचीत जॉन ग्रॅहम यांनी त्याची नोंद केली. त्याच वर्षी ग्रॅहम निवर्तले आणि सूचीचे राहिलेले काम निम्मो नामक गृहस्थांनी तडीस नेले. वृक्षाच्या नावात हेच निम्मो आहेत. जुन्या ग्रंथांतून मात्र तो मॅपिया फेटिडा, म्हणजे दुर्गंधी मॅपिया, या नावाने आढळतो.

त्याचे मोल कळले ते दूरदेशी. चीनमध्ये शी-शू, अर्थात आनंदवृक्ष, नावाचे एक झाड आहे. त्याच्या सालीलाकडातून 1966 साली अमेरिकेत मन्रो वॉल व मनसुख वाणी या संशोधकांनी कॅम्प्टोथेसिन नावाचे द्रव्य वेगळे केले. यांतील वाणी हे आपल्या नंदुरबारचे. पुढे 1972 साली मुंबईत गोरेगाव येथील सिबा संशोधन केंद्रात गोविंदाचारी व विश्वनाथन यांना तेच द्रव्य आपल्या नरक्यात, आणि तेही चिनी वृक्षापेक्षा अधिक प्रमाणात, आढळले. पेशी दुभंगत असताना तिच्यातील डीएनएचा पीळ सोडविणारे एक विकर असते. हे द्रव्य त्याच्या कामात अडथळा आणते व त्यायोगे कर्करोगाच्या पेशी मरतात. त्यापासून सिद्ध केलेली टोपोटेकन व इरिनोटेकन ही औषधे अंडाशयाच्या, फुप्फुसाच्या व मोठ्या आतड्याच्या कर्करोगावर जगभर दिली जातात. चिन्यांनी आपल्या झाडास आनंदाचे नाव दिले, आपण नरकाचे. काही ठिकाणी यासच अमृता म्हणतात, एवढेच समाधान.

तथापि यावरून कोणी साल उकळून रोग्यास पाजू लागेल तर तो घोर अनर्थ होईल. मूळ द्रव्य विषारी आहे. त्याचे औषध प्रयोगशाळेत होते, चुलीवर नव्हे.

हे द्रव्य झाडाच्या सर्वांगात असले तरी मुळांत व खोडात अधिक असते. संकटाचे मूळ नेमके येथेच आहे. पाने तोडून व्यापाऱ्याचे भागत नाही. त्यास खोड हवे, आणि शक्य तर मुळासकट झाड हवे. मूळ उपटले की सर्वच संपले. उलटपक्षी, जमिनीपासून हातभर बुंधा राखून खोड तोडल्यास त्यास जोमाने धुमारे फुटतात. उसाचा खोडवा राखणाऱ्या शेतकऱ्यास यात नवल ते काय वाटणार? उसाची मुळे उपटून कोणी पुढील पिकाची आशा धरीत नाही. मग डोंगरावरील झाडासच निराळा न्याय का?

ताम्हिणीचे अभयारण्य 2013 साली जाहीर झाले, देवराया गावकऱ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या राखल्या. विंझाईच्या रानात कुऱ्हाड नेण्यास आजही मन धजत नाही. परंतु या तालुक्यातील पुष्कळसे डोंगरउतार ना अभयारण्यात आहेत ना देवराईत. ते आपल्या मालकीचे वरकस रान आहे. राबासाठी फांद्या छाटायच्या त्या तेथे, सरपण आणायचे ते तेथून, आणि अलीकडे शहरातील गिऱ्हाईकास बंगल्यासाठी विकावयाचे तेही हेच. अभयारण्याच्या सीमेवर पहारा बसविता येतो. प्रत्येकाच्या बांधावर बसविता येत नाही. म्हणून केवळ बंदीने नरक्या वाचेल असे आम्हास वाटत नाही. ज्याच्या सातबाऱ्यावर तो उभा आहे त्याने राखला तरच तो राहील, आणि राखावा असे वाटण्यास त्याला काही कारण मिळाले पाहिजे.

यावर कोणी म्हणेल, मग नरक्याची लागवड करून श्रीमंत व्हावे काय? तसे आश्वासन देणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. झाड सावकाश वाढते, झाडाझाडांत द्रव्याचे प्रमाण कमीअधिक असते, आणि खरेदीदार मूठभर असल्याने भाव तेच ठरवितात. भात-नाचणी सोडून नरक्या लावा, असे आमचे सांगणे नाही. ज्या उतारावर दुसरे काही पिकत नाही तेथे दहा-वीस झाडे असावीत. लोकांना वाटावयाच्या रोपांत शासकीय रोपवाटिकांनी परदेशी बाभळीऐवजी याची रोपे तयार करावीत. गावच्या जैवविविधता व्यवस्थापन समितीने आपल्या नोंदवहीत नरक्याची झाडे नर-मादी भेदासह लिहून ठेवावीत. 2002 च्या जैवविविधता कायद्याने अशा समित्यांची तरतूद केली आहे. ज्या गावास आपल्याकडे किती झाडे आहेत हे ठाऊक आहे, त्या गावास दलालाशी बोलताना तरी खाली पाहावे लागणार नाही. तोड करावयाचीच झाल्यास ती करण्यापूर्वी वनपरिक्षेत्र कार्यालयात चौकशी करून परवानगीचा खुलासा करून घ्यावा.

ज्यांना रोपे करावयाची असतील त्यांनी पावसाळा सरल्यावर झाडांवर लक्ष ठेवावे. काळी पडलेली पक्व फळेच गोळा करावीत व काही पक्ष्यांसाठी झाडावर राहू द्यावीत, कारण बी दूरवर नेण्याचे काम तेच करतात. गर धुऊन काढून बी साठवून न ठेवता ताजेच सावलीतील वाफ्यात पेरावे. उगवण सावकाश होते. महिना-दोन महिने काही दिसले नाही तरी वाफा मोडू नये. निरनिराळ्या झाडांचे बी एकत्र मिसळून पेरल्यास नर व मादी अशी दोन्ही रोपे मिळण्याचा संभव वाढतो. रोपे पुढील पावसात मोठ्या झाडांच्या अर्धवट सावलीस लावावीत आणि उन्हाळ्यात त्या बाजूचे गवत पेटणार नाही एवढी जाळरेषा काढून ठेवावी.