आधी जीव, मग डिपॉझिट!



रात्री दोन वाजता घरात कुणाच्या छातीत कळ आली, की घाटकोपरच्या डोंगरावरची बाई रिक्षा शोधत धावते. रिक्षा थांबते ती जवळच्या पहिल्या पाटीसमोर. खिडकीतून प्रश्न येतो, "डिपॉझिट किती भरता?" सकाळी तिच्या गळ्यातले सोनाराकडे जाते. वर घरचे तिलाच ऐकवतात, "योग्य ठिकाणी न्यायचं होतंस. चौकशी करायची नाही का?" आणि कळ तिच्याच छातीत आली असेल, तर ती म्हणते, "सकाळपर्यंत बघू."

या 'योग्य ठिकाणा'विषयीच आम्हाला भांडायचे आहे.

चौकशी जरूर करावी. घाटकोपरला राजावाडी, जुहूला कूपर, कांदिवलीला शताब्दी ही पालिकेची रुग्णालये आहेत, 108 ची गाडी फुकट येते, हे प्रत्येकीला पाठ हवे. पण निवडायला ठिकाण तर हवे! केईएम, नायर, शीव ही पालिकेची मोठी रुग्णालये शहरात. उपनगराला पालिकेचे पहिले वैद्यकीय महाविद्यालय कूपरमध्ये मिळाले, तेही 2015 साली. बोरिवलीच्या भगवतीची आणि मुलुंडच्या अगरवालची पुनर्बांधणी वर्षानुवर्षे रेंगाळली. तेवढी वर्षे मुलुंडच्या बाईने काय 'निवडायचे' होते? शीवचा रस्ता, नाहीतर कर्ज.

शिवाय कायदा काय सांगतो? 1989 साली परमानंद कटारा खटल्यात सर्वोच्च न्यायालय म्हणाले, डॉक्टर सरकारी असो वा खाजगी, त्याने आधी जीव वाचवायचा. 1996 साली, गाडीतून पडलेल्या मजुराला कोलकात्याच्या सरकारी रुग्णालयांनी दारोदार फिरवल्यावर, न्यायालयाने हा जगण्याच्या हक्काचाच भंग ठरवला. मुंबई उच्च न्यायालयाच्या 2006 च्या योजनेनुसार धर्मादाय रुग्णालयाने तातडीच्या रुग्णाला अनामत न मागता दाखल करून घ्यायचे आहे. तिथल्या 10 टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि 10 टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत आहेत. बलात्कार वा ॲसिड हल्ला झालेल्या बाईवर खाजगी रुग्णालयानेही ताबडतोब मोफत उपचार करायचे, हा 2013 पासूनचा कायदा आहे.

तरीही मार्च 2025 मध्ये पुण्यात काय झाले? एका बड्या धर्मादाय रुग्णालयाने 10 लाखांची अनामत मागितली, असा एका गर्भवतीच्या कुटुंबाचा आरोप आहे. दुसरीकडे जुळ्या मुलींना जन्म देऊन ती गेली. तिच्या घरच्यांनी ठिकाण 'चुकीचे' निवडले होते काय?

खर्च आम्हालाही असतो, असे रुग्णालयवाले म्हणतात. असेल. पण करात सूट घेताना धर्मादाय आणि खिडकीशी दुकान, असे कसे चालेल?

म्हणून प्रत्येक गटाने आपल्या वॉर्डाची यादी करावी. धर्मादाय रुग्णालय कोणते, रात्री डॉक्टर कुठे असतो, तिथला समाजसेवक कोण, हे लिहून वस्तीत लावावे. रुग्णालयाने नाही म्हटले, तर नकार लेखी मागावा, आणि तो घेऊन धर्मादाय आयुक्तांकडे, पालिकेच्या दारी मिळून जावे.

यादीने पैसे वाचतील, हक्क मिळणार नाही. तो मिळायचा तर त्या खिडकीशी बाई एकटी उभी राहता कामा नये.