'सर्वानुमते मंजूर' : पण कोणाच्या मते?

नगरपरिषदेच्या सभेचे इतिवृत्त ज्याने एकदा जरी वाचले असेल त्याला ती भाषा पाठ होऊन जाते. विषय क्रमांक सात, प्रभागातील नाली बांधकामाच्या अंदाजपत्रकास मंजुरी देणे. सूचक अमुक, अनुमोदक तमुक, ठराव सर्वानुमते मंजूर. विषय क्रमांक आठ, पथदिवे देखभालीच्या ठेक्यास मुदतवाढ देणे. सर्वानुमते मंजूर. विषय क्रमांक नऊ, अध्यक्षांच्या परवानगीने आयत्या वेळी येणारे विषय. ते काय आहेत हे सभागृहातल्या अर्ध्या लोकांनाही माहीत नसते, पण तेही सर्वानुमते मंजूर. तासाभरात चहा होतो, सह्या होतात आणि सभा संपते. दुसऱ्या दिवशीच्या पेपरात याची ओळसुद्धा येत नाही. आली तर कोणत्या गटाचा बांधकाम सभापती झाला एवढीच.

आपल्या चळवळीचेही या विषयाकडे फारसे लक्ष नाही. १४ एप्रिलच्या मिरवणुकीला चांदूर बाजारपासून अचलपूरपर्यंत रस्ते ओसंडून वाहतात, याचा मला अभिमान आहे. पण ती मिरवणूक ज्या रस्त्यावरून जाते त्या रस्त्याचा ठराव कधी झाला, तो वस्तीच्या तोंडाशी येऊन का थांबला, हे विचारायला आपल्यापैकी किती जण नगरपरिषदेची पायरी चढतात? संविधान वाचवण्याच्या सभेत मीही भाषणे करतो. ज्या ठिकाणी संविधान रोज वापरायचे आहे तिथे मात्र आमची खुर्ची रिकामी असते. हे मी स्वतःलाही बोलून घेतो.

आज हा विषय काढण्याचे कारण आहे. राज्यातल्या बहुतेक नगरपरिषदांची मुदत २०२१ च्या अखेरीस आणि २०२२ च्या सुरुवातीला संपली. ओबीसी आरक्षणाचा वाद न्यायालयात अडकला आणि निवडणुका लांबत गेल्या. संविधानाचे कलम २४३-यू सांगते की मुदत संपण्याआधी निवडणूक पूर्ण झाली पाहिजे. किशनसिंग तोमर प्रकरणात २००६ साली सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने तेच बजावले होते. तरीही जवळपास चार वर्षे प्रशासकच नगरपरिषद होता. ठराव मांडणारा तोच, मंजूर करणारा तोच, अंमल करणाराही तोच. शेवटी ६ मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निवडणुका घेण्याचा आदेश दिला. २ डिसेंबरला आणि काही ठिकाणी २० डिसेंबरला मतदान झाले व २१ डिसेंबर २०२५ रोजी मोजणी झाली. चार वर्षे ज्या खोलीत वस्तीचा एकही माणूस नव्हता तिथे आता निवडून आलेली माणसे बसली आहेत. त्यात राखीव जागांवरची आपलीही आहेत. त्यांनी तिथे फक्त हात वर करायचा की तोंडही उघडायचे, हा खरा प्रश्न आहे.

थोडा कायदा सांगतो, कंटाळू नका. महाराष्ट्र नगरपरिषदा, नगरपंचायती व औद्योगिक नगरी अधिनियम, १९६५ याच्या कलम ४९ मध्ये नगरपरिषदेची कर्तव्ये दिली आहेत. रस्ते, नाल्या, दिवाबत्ती, सफाई, आग विझवणे ही आवश्यक कर्तव्ये आहेत. म्हणजे नगराध्यक्षांनी वस्तीवर मेहेरबानी म्हणून दिवा लावलेला नसतो. ७४ व्या घटनादुरुस्तीने बाराव्या अनुसूचीत १८ विषय घातले. त्यात रस्ते-पूल, पाणीपुरवठा, अग्निशमन, पथदिवे, झोपडपट्टी सुधारणा, दफनभूमी व स्मशानभूमी हे सारे आहे. मात्र प्रभाग समित्या तीन लाख आणि त्याहून अधिक लोकसंख्येच्या शहरांनाच बंधनकारक आहेत. चांदूर बाजार, मोर्शी, वरूड, दर्यापूर यांसारख्या गावांना ती सोय नाही. मोठ्या शहरात लोकांना बोलायला एक जागा तरी आहे. आपल्याकडे सगळे बांधकाम समिती आणि सर्वसाधारण सभा या दोन टेबलांवरच ठरते.

एक काम कसे जन्माला येते ते पाहा. वस्तीतून मागणी जाते. अभियंता जागेवर येऊन (आला तर) अंदाजपत्रक करतो. मग तांत्रिक मान्यता, प्रशासकीय मान्यता, निविदा, कार्यारंभ आदेश, प्रत्यक्ष काम, मोजमाप पुस्तिकेतील नोंद आणि शेवटी देयक. आपण जागे होतो ते काम सुरू झाल्यावर, नाहीतर पहिल्या पावसात ते वाहून गेल्यावर. खरा निर्णय मात्र अंदाजपत्रकाच्या आधीच झालेला असतो. यावर्षी कोणती वस्ती घ्यायची, कोणती पुढच्या वर्षावर टाकायची, हे ठरते तेव्हा कोणी कोणाला जातीवरून शिवी देत नाही. सभागृहात सगळे हसून बोलतात. फक्त यादीत आपला नंबर खाली जातो, आणि अशी वीस वर्षे खाली जात राहतो. यात गुन्हा नोंदवता येईल असे काही नसते.

आमच्या जिल्ह्यातल्या एका गावचा अनुभव सांगतो. गावाचे नाव लिहीत नाही, कारण ते कोणतेही असू शकते. वस्तीतली एक मावशी माझ्याकडे आली. म्हणाली, "वकीलसाहेब, नाली त झाली म्हणतात, मंग पानी घरात कायले येते?" मी जाऊन पाहिले. नाली होती, पण पुढे निकासच नव्हता. साठ-सत्तर मीटर सिमेंट ओतून ती एका भिंतीपाशी संपवली होती. पाऊस पडला की पाणी पुढे जाण्याऐवजी उलटे फिरून घरांत शिरायचे. कागदावर काम पूर्ण, देयक अदा. अंदाजपत्रकात मोठ्या नाल्यापर्यंतची लांबी होती, मोजमाप पुस्तिकेतही ती पुरी भरली होती.

त्याच फाईलसोबत दुसरी फाईल हाती लागली. नागरी दलित वस्ती सुधार योजना आपल्याला माहीत आहे. तिला आता लोकशाहीर अण्णाभाऊ साठे यांचे नाव आहे. हा पैसा आपल्या वस्तीचा. त्या फाईलमध्ये कामाचे नाव होते, 'दलित वस्तीकडे जाणाऱ्या रस्त्याचे काँक्रिटीकरण'. मी तो रस्ता चालून पाहिला. दोन्ही बाजूंना नवे ले-आऊट, नवे बंगले. वस्ती जिथे सुरू होते तिथे काँक्रीट संपते आणि चिखल सुरू होतो. रस्ता वस्तीकडे जात होता हे खरे, पण वस्तीत पोचत नव्हता. 'कडे' या दोन अक्षरांत आमचा निधी जिरला होता. तो ठरावही सर्वानुमते मंजूर झालेला होता, आणि त्यावर हात वर करणाऱ्यांत आमचा राखीव जागेवरचा नगरसेवकही होता. त्याला विचारले तर तो प्रामाणिकपणे म्हणाला, "भाऊ, मले वाटलं आपल्याच वस्तीचं काम हाये." त्याला दोष देऊन काय करू? त्याला विषयपत्रिका वाचून दाखवायला आपल्यापैकी कोण गेले होते?

या निमित्ताने नावाचेही बोलले पाहिजे. डिसेंबर २०२० मध्ये राज्य सरकारने जातिवाचक वस्त्यांची नावे बदलण्याचा निर्णय घेतला. समता नगर, भीम नगर, क्रांती नगर अशी नावे आली. निर्णय योग्यच होता, जातीचे नाव पत्त्यावर वागवण्याची हौस कोणालाही नाही. पण कामाच्या यादीत नुसते 'समता नगर ते अमुक कॉलनी' असे आले की निधी कोणत्या वस्तीसाठी होता हे कागदावरून कळत नाही. म्हणून नाव बदला, पण अनुसूचित जाती व नवबौद्धांच्या वस्त्यांची यादी आणि नकाशा नगरपरिषदेच्या फलकावर लावा, ही मागणी आपण केली पाहिजे. मी तरी ती कुठे झाल्याचे ऐकले नाही.

कोणी म्हणेल, बाबासाहेबांची चळवळ एवढी मोठी आणि हे वकील नाली-रस्त्याचे काय घेऊन बसले? त्यांनी महाड आठवावे. ४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबई विधिमंडळात सी. के. बोले यांचा ठराव मंजूर झाला, सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले. जानेवारी १९२४ मध्ये महाड नगरपालिकेने त्याप्रमाणे चवदार तळे खुले करण्याचा ठराव केला. झाले समाधान! पण तीन वर्षे एकाही अस्पृश्याला त्या तळ्याचे पाणी मिळाले नाही. ठराव दप्तरात होता आणि तळ्यावर जात होती. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेब हजारो लोकांना घेऊन तळ्यावर गेले तेव्हा त्या ठरावात जीव आला. आणि पुढे काय झाले? ४ ऑगस्ट १९२७ रोजी त्याच नगरपालिकेने तो ठराव मागे घेतला. तारीखही बोले ठरावाचीच. मग दावा झाला आणि १७ मार्च १९३७ ला मुंबई उच्च न्यायालयात निकाल आपल्या बाजूने लागला. म्हणजे आपल्या इतिहासातली सर्वात मोठी लढाई एका नगरपालिकेच्या तळ्यावर आणि तिच्या ठरावावर झाली. आपल्या वऱ्हाडातही तेच. अमरावती जिल्हा कौन्सिलचे अध्यक्ष असताना डॉ. पंजाबराव देशमुखांनी सार्वजनिक विहिरी अस्पृश्यांना खुल्या केल्या, तोही एका स्थानिक संस्थेचाच निर्णय होता.

आता सुरक्षिततेचे. विषयपत्रिकेवर 'साफसफाई ठेक्यास मुदतवाढ' हा विषय येतो आणि अर्ध्या मिनिटात जातो. आपल्या तालुक्याच्या गावांत घरोघरी सेप्टिक टँक आहेत. ते उपसायला कोण उतरतो आणि त्याची जात कोणती, हे या पेपरच्या वाचकांना सांगायची गरज नाही. २०१३ च्या कायद्याच्या कलम ७ ने गटार व सेप्टिक टँकची धोकादायक सफाई माणसाकडून करून घेण्यास मनाई केली आहे. कलम ३३ ने आधुनिक यंत्रे वापरण्याची जबाबदारी स्थानिक संस्थेवर टाकली आहे. असा मृत्यू झाल्यास सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये १० लाख रुपये भरपाई ठरवली, २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये ती ३० लाख केली. ठेक्याच्या अटींत यंत्र, मास्क, हातमोजे, विमा लिहिले आहेत का, एवढे जरी आपल्या एका नगरसेवकाने उभे राहून विचारले तरी तो विषय अर्ध्या मिनिटात जाणार नाही. इतिवृत्तात त्याचा प्रश्न नोंदवला जाईल. उद्या दुर्घटना झाली तर ती नोंद न्यायालयात पुरावा होते.

खड्ड्यांचेही तसेच. १३ ऑक्टोबर २०२५ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने खड्डा किंवा उघडे मॅनहोल यामुळे मृत्यू झाल्यास वारसांना ६ लाख रुपये आणि जखमीला ५० हजार ते अडीच लाखांपर्यंत भरपाई देण्याचा आदेश दिला. नगरपरिषद हद्दीत दावा पाहण्याचे काम मुख्याधिकारी आणि जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचे सचिव यांच्या समितीकडे आहे. पैसा शेवटी जबाबदार ठेकेदार-अधिकाऱ्याकडून वसूल करायचा आहे. रात्री संत्र्याच्या गाडीवर हमाली करून घरी परतणारा आपला माणूस दिवा नसलेल्या वळणावर खड्ड्यात पडतो, महिनाभर घरी बसतो, आणि घरचे म्हणतात नशीब. पडल्याच्या दिवशी जागेचा फोटो काढा आणि सरकारी दवाखान्याचा कागद जपून ठेवा. पोलिसात नोंदही करून घ्या. बाकीचे नंतर पाहता येते.

मग करायचे काय? मोठे काही सांगत नाही. सर्वसाधारण सभा लोकांसाठी खुली असते. प्रत्येक विहारातून दोन माणसे आळीपाळीने तिथे जाऊन बसली तरी सभागृहाची भाषा बदलते, हे मी पाहिले आहे. सभेआधी विषयपत्रिकेची प्रत आपल्या नगरसेवकाकडून घ्यावी आणि रविवारी वंदनेनंतर मोठ्याने वाचावी. वस्तीचा विषय दिसला तर कामाचे नाव, कुठून कुठपर्यंत, निधी कोणता, एवढे तीनच प्रश्न लिहून द्यावेत. ठराव बेकायदेशीर किंवा लोकहिताविरुद्ध असेल तर कलम ३०८ खाली जिल्हाधिकारी त्याची अंमलबजावणी थांबवू शकतात. पण अर्ज कार्यारंभ आदेश निघण्याआधी गेला पाहिजे. काँक्रीट वाळल्यावर जिल्हाधिकारी तरी काय थांबवणार?

आणि माहिती अधिकार. २००५ च्या कायद्याने नुसते कागद मिळत नाहीत. कलम २(जे) प्रमाणे कामाची पाहणी करता येते, वापरलेल्या साहित्याचा प्रमाणित नमुनाही मागता येतो. हे आपल्या तरुणांना माहीत नसते. महाराष्ट्रात अर्ज एकाच विषयाचा आणि १५० शब्दांच्या आत लागतो, शुल्क १० रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस. दारिद्र्यरेषेखालील अर्जदाराला शुल्क नाही. त्या मावशीचा अर्ज तिच्याच नावाने, तिच्याच अंगठ्याने गेला होता. नालीची लांबी तिच्या समोर टेप लावून मोजली गेली तेव्हा टेपचे दुसरे टोक तिने धरले होते. पुढच्या पावसाआधी उरलेली नाली मोठ्या नाल्याला जोडली गेली. रस्त्याच्या फाईलचे मात्र अजून काही झालेले नाही, अपील सुरू आहे.

मोजमाप पुस्तिका, इतिवृत्त आणि ठेक्याच्या अटी मागण्याचे तीन अर्ज मी सोप्या मराठीत तयार करून ठेवले आहेत. ज्या वस्तीला लागतील तिने न्यावेत. टायपिंगचा खर्च माझा.