ग्रीन कार्ड आहे, मग भाचीला दत्तक घेऊन अमेरिकेत नेता येतं का?

समजा, मामा न्यू जर्सीत नोकरीला आहे आणि साताऱ्यातल्या भाचीचे आई-वडील आता नाहीत. घरातली मोठी माणसं म्हणतात, "दत्तक घे आणि घेऊन जा." दत्तक घेणं जमू शकतं. घोडं अडतं ते घेऊन जाण्यापाशी. मामाकडे अमेरिकेचं नागरिकत्व नसून फक्त ग्रीन कार्ड असेल, तर जास्तच.

भाचा-भाची किंवा पुतण्या-पुतणी यांच्यासाठी अमेरिकेत वेगळा कौटुंबिक व्हिसा नाही. पोटच्या मुलांसाठी आहे आणि अटी पूर्ण केल्या तर दत्तक मुलांसाठीही आहे. हे मूल आणण्याचे मार्ग तीन. एक हेग करारातला, जो भारताला लागू आहे. दुसरा हेगबाहेरच्या देशांतल्या अनाथ मुलांसाठीचा. हे दोन्ही फक्त अमेरिकी नागरिकांना खुले आहेत. पती-पत्नीपैकी एक जण नागरिक असेल तर तो अर्ज करू शकतो. दोघंही ग्रीन कार्डवर असतील तर उरतो तिसरा मार्ग, 'आय-१३०' अर्जाचा.

त्याच्या अटी वाचायला सोप्या वाटतात. मूल १६ वर्षांचं होण्याआधी दत्तक झालेलं हवं (आधी दत्तक घेतलेल्या मुलाच्या सख्ख्या भावंडासाठी ही मर्यादा १८). मुलाचा कायदेशीर ताबा २ वर्षं हवा आणि मूल २ वर्षं सोबत राहिलेलं हवं.

खरी मेख या सोबत राहण्यात आहे. व्हिसा नसल्याने मूल अमेरिकेत येऊ शकत नाही, म्हणजे मामानेच भारतात येऊन राहायचं. पण ग्रीन कार्डवाला वर्षभराहून जास्त बाहेर राहिला तर त्याने तिथलं वास्तव्य सोडलं असं धरलं जाऊ शकतं. निघण्यापूर्वी अर्ज करून 'री-एंट्री परमिट' घेता येतं. ते जास्तीत जास्त २ वर्षांचं असतं, आणि त्यानेही कार्ड टिकेलच याची हमी मिळत नाही. शिवाय नागरिकत्वासाठी मोजली जाणारी सलग वास्तव्याची वर्षं तुटतात. नोकरीचं काय, हा प्रश्न वेगळाच. "पर्यटक व्हिसावर आणू, मग बघू" हा सल्लाही सर्रास दिला जातो. तो व्हिसा तात्पुरत्या भेटीसाठी असतो. कायमचं राहायचा इरादा लपवला तर पुढचे अर्जही धोक्यात येतात.

हे सगळं पार पडलं तरी पुढे व्हिसाची रांग असते, कारण ग्रीन कार्डधारकांच्या मुलांसाठी दरवर्षी ठरावीकच जागा असतात.

इकडे भारतात १९५६च्या हिंदू दत्तक कायद्यानुसार मूल साधारणपणे १५ वर्षांखालचं लागतं. दत्तक घेणारा पुरुष आणि मुलगी यांच्या वयात किमान २१ वर्षांचं अंतर हवं. म्हणजे ३० वर्षांच्या मामाला १० वर्षांची भाची दत्तक घेता येत नाही. मामाला आधीच मुलगी असेल तरीही या कायद्याने दुसरी मुलगी दत्तक घेता येत नाही. परदेशात राहणाऱ्या नातेवाइकाला 'कारा' या केंद्रीय संस्थेचं ना हरकत प्रमाणपत्रही लागतं. नुसतं नोंदणीकृत दत्तकपत्र पुरत नाही.

मग नागरिकत्व मिळेपर्यंत थांबावं का? त्यात क्रम महत्त्वाचा. हेग मार्गात आधी अमेरिकेची मंजुरी आणि नंतर भारतातलं दत्तक. घाईने आधीच दत्तकविधान उरकलं तर पुढे हाच मार्ग अडू शकतो.

आणि थांबायलाही वय पुरलं पाहिजे. ग्रीन कार्डनंतर नागरिकत्वाच्या अर्जासाठी साधारण ५ वर्षं लागतात. मामाला कार्ड मिळालं तेव्हा भाची ११ वर्षांची असेल, तर त्याच्या अर्जाची वेळ येईपर्यंत ती १६ची झालेली असते.